कांदा कुणाच्या मताने परदेशी जातो?

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. त्या दिवशी दिल्लीतून शेतमालाच्या व्यापाराबद्दल तीन निर्णय सुटले. कांद्यावरचं टनामागे ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य काढून टाकलं गेलं आणि निर्यातशुल्क ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. बासमतीवरचं ९५० डॉलरचं किमान निर्यात मूल्यही गेलं. पाम, सोयाबीन आणि सूर्यफुलाचं कच्चं तेल तोवर मूळ सीमाशुल्काशिवाय देशात येत होतं, त्यावर २० टक्के शुल्क बसलं. रिफाइंड तेलावरचं शुल्क साडेबारावरून साडेबत्तीस टक्के झालं.

तिन्ही मालांचे हंगाम वेगळे, जागतिक बाजार वेगळे, गिऱ्हाइकं वेगळी. त्यांना एकाच शुक्रवारी एकत्र आणणारी गोष्ट शोधायची तर निवडणुकांचं वेळापत्रक उघडावं लागतं. हरियाणात ५ ऑक्टोबरला मतदान होतं, आणि हरियाणा म्हणजे बासमती. महाराष्ट्राच्या विधानसभेची मुदत नोव्हेंबरात संपत होती. इथे नाशिक-नगरला कांदा, मराठवाडा-विदर्भात सोयाबीन. आणि सोयाबीन त्या वेळी ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं जात होतं.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात देश एखाद्या शहाण्या दुकानदारासारखा व्यापार करतो. भारत कांदा विकतो, बांगलादेश घेतो, दोघांचंही भलं होतं. प्रत्यक्षात ‘भारत’ कांदा विकत नाही. निफाडचा शेतकरी तो पिकवतो, पिंपळगावचा व्यापारी कंटेनरमध्ये भरतो, आणि दिल्लीतल्या गृहिणीला आज तो काय भावाने मिळाला यावर एखाद्या मंत्र्याची झोप अवलंबून असते. निर्यात खुली राहिली तर पहिल्या दोघांचा फायदा, बंद झाली तर तिसरीचा. देशाचं व्यापारधोरण बऱ्याचदा देशांतर्गत भांडणाचा निकाल असतो, फक्त तो बंदरावर लागू होतो.

हा निकाल सहसा कुणाच्या बाजूने लागतो, याचं एक प्रसिद्ध उत्तर मॅन्सर ओल्सन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये दिलं. थोड्या लोकांचं मोठं हित आणि पुष्कळ लोकांचं बारीकसं हित समोरासमोर आलं की थोडे लोक जिंकतात. त्यांना संघटित होणं परवडतं आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणंही परवडतं. अमेरिकेतली साखर हे याचं ठसठशीत उदाहरण. फ्लॉरिडा-लुइझियानातले ऊसवाले आणि मिनेसोटा-नॉर्थ डकोटातले बीटवाले यांच्यासाठी आयातीवर कोटा असतो. त्यामुळे अमेरिकी ग्राहक वर्षानुवर्षं जागतिक भावापेक्षा बरीच महाग, कधीकधी दुप्पट दराने साखर घेत आला आहे. पण त्याच्या घरखर्चात ही रक्कम इतकी किरकोळ, की त्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. बीटवाला मात्र आपल्या सिनेटरला ओळखतो आणि सिनेटरही त्याला.

कांद्याने हे गणित उलटं केलं. इथे पिकवणारे थोडे आहेत, एका पट्ट्यात आहेत, संघटित आहेत, लिलाव बंद पाडतात, महामार्ग अडवतात. आणि तरी वारंवार हरतात. जिंकतो तो देशभर विखुरलेला, कोणतीही संघटना नसलेला ग्राहक.

कारण कांद्याचा ग्राहक साखरेच्या ग्राहकासारखा गाफील नाही. कांदा दर दोन-चार दिवसांनी विकत घ्यावा लागतो, त्याचा भाव तोंडपाठ असतो आणि त्याला पर्याय नाही. भाव दुप्पट झाला म्हणून भाजीला फोडणी द्यायचं कुणी थांबत नाही. थोडी काटकसर करतो आणि सरकारला शिव्या घालतो. ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन एक टक्काही नाही, पण महागाई वाढली की नाही हे लोक निर्देशांकावरून ठरवत नाहीत. संघटनेचं कामही बाकीचे करतात: वाहिन्या भाव दाखवतात आणि विरोधी पक्षाचे नेते गळ्यात कांद्याच्या माळा घालून संसदेबाहेर उभे राहतात. या माळा सर्वच पक्षांनी आळीपाळीने घातल्या आहेत, त्यामुळे त्यात कुणाची वैचारिक भूमिका शोधण्यात अर्थ नाही.

यामागे एक जुनी भीतीही आहे. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याची महागाई प्रचारात वापरली आणि त्या सत्तेवर परतल्या. खरा धडा मात्र १९९८ चा. त्या वर्षी दिल्लीत कांदा ४० रुपयांच्या पुढे गेला, तेव्हाच्या मानाने हा भाव अचाट होता. भाजपने ऑक्टोबरात मुख्यमंत्री बदलला, साहिबसिंग वर्मांच्या जागी सुषमा स्वराज आल्या, केंद्राने कांदा निर्यात थांबवली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत पक्षाला ७० पैकी १५ जागा मिळाल्या. पुढे दिल्लीची सत्ता परत मिळायला २०२५ उजाडलं. एवढी वर्षं कांद्यानेच बाहेर ठेवलं असं कुणी म्हणणार नाही. पण राजकारणात भीती पुराव्यावर चालत नाही. तेव्हापासून प्रत्येक केंद्र सरकार, रंग कोणताही असो, कांदा चढू लागला की बंदराकडे धावतं. डिसेंबर २०१० मध्ये निर्यात थांबवणारं सरकार काँग्रेस आघाडीचं होतं, २०१३ मध्ये किमान निर्यात मूल्य टनाला १,१५० डॉलरपर्यंत नेणारंही तेच. पुढच्या सरकारने तोच किल्ल्यांचा जुडगा हाती घेतला.

या धावाधावीची वेळ शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट असते, आणि त्यामागे पिकाचं चक्र आहे. देशाच्या कांद्यातला मोठा भाग, दोनतृतीयांशाच्या आसपास, रब्बीचा म्हणजे उन्हाळ कांदा. मार्च ते मे या काळात तो निघतो. तोच टिकतो म्हणून चाळीत साठवला जातो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत देश त्याच्यावर जगतो. साठवलेला कांदा सडतो, सुकतो, त्याला कोंब येतात. चांगल्यापैकी हिस्सा घटीत जाणार हे धरूनच शेतकरी चाळ भरतो. ही घट, चाळीचा खर्च, थांबल्याचं व्याज हे सगळं भरून निघण्याची संधी एकच असते: ऑगस्ट ते नोव्हेंबर, जेव्हा माल कमी आणि भाव चढा. नेमक्या याच महिन्यांत ग्राहक ओरडतो. म्हणजे सरकारचा हात पडतो तो वर्षभरातल्या एकमेव कमाईच्या खिडकीवर.

उलट बाजूला इतकी तत्परता दिसत नाही. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निर्यात पूर्ण खुली होती आणि कांदा क्विंटलला पाचशे रुपयांच्या आसपास आला होता. तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत. त्याच वर्षी १९ ऑगस्टला भाव दोन हजारांच्या घरात येतो न येतो तोच केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क बसवलं. भाव पडला की राज्याच्या तिजोरीतून चिमूटभर मदत, चढला की केंद्राकडून जोरात ब्रेक. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये थेट पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते, ते याच चिडीतून.

राज्य आणि केंद्र यांच्यातली ही विभागणी राज्यघटनेतच आहे. शेती राज्यांच्या सूचीत, परदेश व्यापार संघाच्या सूचीत. लासलगावचा कांदा बंदरापर्यंत पोहोचला की मुंबईतल्या मंत्रालयाच्या हातात पत्र लिहिण्यापलीकडे काही उरत नाही. आणि दिल्लीतही हे निर्णय संसदेत होत नाहीत. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने केंद्राला निर्यात रोखण्याचा अधिकार दिला आहे. परकीय व्यापार महासंचालनालय एक अधिसूचना काढतं आणि मध्यरात्रीपासून कंटेनर थांबतात. शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालय काढतं. चर्चा नाही, मतदान नाही, आधी सूचना नाही. अमेरिकेत १९३० पर्यंत प्रत्येक वस्तूच्या आयातशुल्काचा दर काँग्रेसमध्ये ठरायचा. त्या वर्षीच्या स्मूट-हॉली कायद्यात सभासदांनी ‘तू माझ्या मालाला हात दे, मी तुझ्या’ अशी देवाणघेवाण करत दर भरमसाट वाढवले. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी सही करू नका असं विनवलं तरी हूव्हर यांनी सही केली. तिथे निदान कोण कुणासाठी भांडतंय हे सभागृहाच्या इतिवृत्तात सापडतं. आपल्याकडे ते तारखांवरून ताडावं लागतं.

सरकारच्या हाती असलेली तीन हत्यारं दिसायला सौम्य-कठोर आहेत, परिणाम बऱ्याचदा एकच. सरळ बंदी ही सर्वांना कळते. किमान निर्यात मूल्य म्हणजे अमुक डॉलरखाली माल बाहेर पाठवायचा नाही. ते जागतिक भावाच्या बरंच वर ठेवलं की ती बंदीच, फक्त बंदी म्हणायचं नाही. आणि तिसरं शुल्क. मे २०२४ मध्ये ‘बंदी उठवली’ असं जाहीर झालं, तेव्हा ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क सोबतच लागू झालं. हिशेब केला तर टनाला ७७० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने किलोला ६४ रुपयांच्या आसपास, जहाजभाडं वेगळंच. या भावाने घेणारं गिऱ्हाईक शोधायला दुबईत चांगलंच हिंडावं लागलं असतं.

जागतिक व्यापार संघटनेचे नियम इथे फारसे आड येत नाहीत. त्या नियमांची सगळी कडक भाषा आयात रोखणाऱ्यांसाठी आहे: सोयाबीन तेलावर भारताला ४५ टक्क्यांच्या वर शुल्क लावता येत नाही, तशी मर्यादा आपण मान्य केली आहे. निर्यातशुल्काला अशी मर्यादा नाही. निर्यातबंदीला सर्वसाधारणपणे मनाई आहे, पण अन्नधान्याच्या टंचाईत तात्पुरती बंदी चालते, आणि टंचाई म्हणजे किती हे कुणी मोजून दिलेलं नाही.

कोणाचं ऐकायचं हे मंत्रालयांच्या रचनेतही दिसतं. निर्यात वाढवणं हे वाणिज्य मंत्रालयाचं काम, भाव आवरणं हे ग्राहक व्यवहार मंत्रालयाचं. २०२० ते २०२४ या काळात दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे, पीयूष गोयल यांच्याकडे होती. त्यामुळे जो वाद दोन मंत्र्यांमध्ये व्हायला हवा, तो एकाच टेबलावर मिटत असे. २०२४ मध्ये ते लोकसभेला उभे राहिले तो मतदारसंघ उत्तर मुंबई. तिथे कांदा पिकत नाही, खाल्ला जातो. यात त्यांचा व्यक्तिगत दोष काढण्यात हशील नाही. मुद्दा असा, की महाराष्ट्रही या प्रश्नावर एक नाही. बोरिवलीची गृहिणी आणि येवल्याचा कांदेवाला एकाच राज्याचे मतदार आहेत, आणि त्यांचं हित एकमेकांविरुद्ध आहे.

२०२३-२४ चा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. ऑगस्टात शुल्क आलं, ऑक्टोबरच्या अखेरीस ८०० डॉलरचं किमान मूल्य आलं. डिसेंबरच्या ३ तारखेला मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण यांचे निकाल लागले. ७ तारखेच्या रात्री पूर्ण निर्यातबंदी. पुढे लोकसभा होती. लासलगावला चार हजारांच्या घरातला भाव महिना संपेपर्यंत दोन हजारांखाली आला. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला, शरद पवार स्वतः तिथे होते. बंदी ३१ मार्चपर्यंत होती. मार्चमध्ये ती पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली, ऐन उन्हाळ कांदा निघत असताना.

मग एप्रिल आला. मतदानाचे टप्पे सुरू झाले होते. २५ एप्रिलला गुजरातच्या पांढऱ्या कांद्याच्या २,००० टनांना परवानगी मिळाली, आणि नाशिकमध्ये जो भडका उडाला त्याचं कारण टनांचा आकडा नव्हता. शेजारच्या राज्यासाठी दार किलकिलं होतं आणि आपल्यासाठी नाही, एवढंच लोकांनी पाहिलं. दोन दिवसांत सहा देशांना मिळून ९९,१५० टन निर्यातीचा आकडा सरकारने प्रसिद्ध केला. त्यात आधीच दिलेल्या परवानग्यांची बेरीज होती. ४ मे रोजी बंदी उठली. नाशिक आणि दिंडोरीत मतदान २० मेला होतं. उशीर झाला होता. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, नाशिक गेलं, नगर गेलं, धुळे गेलं.

या सगळ्या पराभवांचं खापर कांद्यावर फोडणं भाबडेपणाचं होईल; फुटलेले पक्ष होते, आरक्षणाचा प्रश्न होता. पण नाशिकमध्ये कांद्याने आणि मराठवाडा-विदर्भात सोयाबीन-कापसाने त्रास दिला अशी कबुली तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच निकालानंतर दिली. अजित पवारही कांद्याबद्दल तसंच बोलले. सुरुवातीला सांगितलेला सप्टेंबरचा शुक्रवार या कबुलीनंतर तीन महिन्यांनी आला. त्यात कांदाही होता आणि सोयाबीनही.

वेळापत्रकाचा हा सिद्धान्त सगळीकडे चपखल बसत नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०१९ मध्ये २९ सप्टेंबरला बंदी घातली गेली, तेव्हा महाराष्ट्रातलं मतदान अवघ्या तीन आठवड्यांवर होतं. कांदा पट्ट्याची पर्वा असती तर सरकार महिनाभर थांबलं असतं. थांबलं नाही, कारण देशभरातली ओरड मोठी होती आणि त्या निवडणुकीत कांद्याची भीती नाशिकला नव्हती, मुंबई-दिल्लीला होती. म्हणजे तारीख एकटी काही ठरवत नाही. त्या तारखेला कुणाचं मत हलतंय असं राज्यकर्त्यांना वाटतं, ते ठरवतं. २०१९ मध्ये कांदेवाला गृहीत धरला होता. २०२४ च्या जूनने तो गृहीत धरण्याजोगा राहिला नाही.

दुधाची गोष्ट याच्या शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं. दूधही रोज लागतं, त्याचाही भाव सर्वांना पाठ असतो. तरी स्वस्त परदेशी दूध-पावडरीसाठी भारताने दार बहुतांशी बंदच ठेवलं. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत ‘आरसेप’ या सोळा देशांच्या प्रस्तावित व्यापारकरारातून बाहेर पडला, त्यामागच्या मोठ्या कारणांत न्यूझीलंडच्या दुधाची भीती होती. अमूल विरोधात, स्वदेशी जागरण मंच विरोधात, काँग्रेसही विरोधात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने शुल्क वाढवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही असं जाहीर केलं. कांदेवाल्याला न मिळणारं हे कवच दूधवाल्याला का? माझ्या मते उत्तर नकाशात आहे. गाय-म्हैस देशातल्या जवळपास प्रत्येक लोकसभा मतदारसंघात आहे. कांद्याचा व्यापारी पट्टा मोजक्या जिल्ह्यांत. दूध उत्पादक ही देशव्यापी मतपेढी आहे, कांदा उत्पादक ही नाशिक-नगर-पुण्याची तक्रार.

नकाशा वाचायची ही विद्या परक्यांनाही अवगत आहे. मार्च २००२ मध्ये जॉर्ज बुश यांनी पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया ही पोलादाची राज्यं त्यांना हवी होती. युरोपीय संघाने प्रत्युत्तराची यादी तयार केली, त्यात फ्लॉरिडाची संत्री होती. बुश दोनच वर्षांपूर्वी फ्लॉरिडा ५३७ मतांनी जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले होते. व्यापार संघटनेचा निकाल विरोधात गेल्यावर डिसेंबर २००३ मध्ये शुल्क मागे घेतलं गेलं. भारतानेही २०१९ मध्ये अमेरिकेच्या पोलाद-अॅल्युमिनियम शुल्काला उत्तर दिलं ते कॅलिफोर्नियाच्या बदामांवर आणि वॉशिंग्टन राज्याच्या सफरचंदांवर शुल्क वाढवून. पोलादाचा बदला सफरचंदावर काढण्यात आर्थिक तर्क नाही. राजकीय तर्क पुरेपूर आहे.

आपल्या अंतर्गत भांडणाची किंमत शेजाऱ्यानेही मोजली आहे. सप्टेंबरच्या बंदीपाठोपाठ, ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा उद्योजकांच्या सभेत त्यांनी हसत हसत तक्रार केली: आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी आता आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलाय. हशा झाला, पण सभेतल्या ज्याला बांगलादेशचा बाजार ठाऊक असेल त्याला हसू येणं अवघड होतं. तिथेही कांद्याच्या भावावर सरकारला शिव्या बसतात. ज्या पुरवठादाराचं दार कधी बंद होईल सांगता येत नाही, त्याच्यावर विसंबून राहायचं नाही, एवढं ढाक्याने शिकून घेतलं. पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, चीन इथून कांदा मागवला, आणि घरचं उत्पादन वाढवलं.

१ एप्रिल २०२५ पासून भारताने कांद्यावरचं उरलेलं २० टक्के निर्यातशुल्कही काढून टाकलं. नाशिकची जुनी मागणी पूर्ण झाली. रब्बीचं पीक उदंड होतं, चाळी भरल्या, आणि भाव उठलाच नाही. सर्वांत मोठं गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशात त्या वेळी घरचा कांदा बाजारात आला होता, आणि पाबना-फरीदपूरच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून तिथलं सरकार आयातीचे परवाने देत नव्हतं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते मिळाले नाहीत. लासलगावच्या लिलावाचा भाव त्या उन्हाळ्यात दिल्लीच्या मतदारामुळे पडला नव्हता.